हातमोजे विकणारी कवयित्री

इंग्लंडमधलं बाथ म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्यांना जेन ऑस्टिन आठवते, आणि तिच्या कादंबऱ्यांवरचे सिनेमे पाहणाऱ्यांना रॉयल क्रेसेंटची ती अर्धचंद्राकृती घरांची रांग. दोन्ही गोष्टी उशिराच्या. क्रेसेंट बांधलं गेलं १७६७ ते १७७४ मध्ये, ऑस्टिन बाथला राहायला आली १८०१ मध्ये. मेरी चँडलरची बाथवरची दीर्घ कविता छापली गेली १७३३ मध्ये. वास्तुशिल्पी जॉन वुडच्या क्वीन स्क्वेअरचं काम तेव्हा चालू होतं आणि मेरी पंपरूमजवळच्या, म्हणजे झऱ्याचं पाणी प्यायच्या दालनाजवळच्या, आपल्या दुकानात लेस, रिबिनी, बायकांच्या टोप्या आणि हातमोजे विकत होती.

या सदरात जुन्या कवयित्रींवर लिहिताना एक वाक्य मला वारंवार भेटतं: अमुक काम करत असूनही तिनं कविता लिहिली. भांडी घासत असूनही, गाईचं दूध काढत असूनही, दुकान चालवत असूनही. त्या ‘असूनही’मागे एक गृहीत दडलेलं असतं, की काम हा कवितेतला अडथळा आणि प्रतिभा त्यावरून उडी मारून गेली. चँडलरच्या बाबतीत हे साफ उलटं आहे. दुकान नसतं तर ही कवयित्री झालीच नसती, असं माझं मत आहे.

आधी गाव समजून घ्यायला हवं. बाथच्या झऱ्यांचं पाणी सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाचं, आणि रोज दहा लाख लिटरहून जास्त वर येतं. रोमनांनी तिथं स्नानगृहं बांधली. पुढे डॉक्टर तेच पाणी पेल्यानं प्यायलाही सांगू लागले. पण संधिवाताचे रोगी फार तर गाव जगवतील, श्रीमंत करणार नाहीत. श्रीमंती आली ती धडधाकट लोकांमुळे. रोग्यासोबत बायको येई, तिच्यासोबत उपवर मुली, मुलींमागे तरुण, आणि तरुणांमागे पत्त्यांचा जुगार. बो नॅश या जुगारी गृहस्थानं या सगळ्या गर्दीला शिस्त लावली. नाचाची वेळ ठरवली, सभागृहात तलवार आणायला बंदी केली. उमरावांपासून नव्या पैसेवाल्यांपर्यंत सगळे त्याचं ऐकत. आणि या सगळ्यांना नाचाला जाण्याआधी हातमोजे लागत.

मेरीचा जन्म १६८७ मध्ये विल्टशरमधल्या माम्सबरीचा. वडील राजमान्य चर्चबाहेरच्या पंथाचे धर्मोपदेशक, पुढे बाथमध्ये स्थायिक झालेले. मेरीच्या पाठीच्या कण्यात बाक होता. त्या काळात अशा मुलीचं लग्न जमणं कठीण, आणि धर्मोपदेशकाच्या घरात पैसा बेताचाच. विशीच्या आतच तिनं दुकान टाकलं आणि सुमारे ३५ वर्षं ते चालवलं. तिचा भाऊ सॅम्युएल हा नावाजलेला विद्वान आणि उपदेशक. थिऑफिलस सिबरच्या नावावर १७५३ मध्ये निघालेल्या कविचरित्रांमध्ये तिचं चरित्र आहे ते याच भावानं लिहिलेलं. त्यात बहिणीची धर्मनिष्ठा, सोशिकपणा, मोठ्या घरच्या मैत्रिणी असं सगळं आहे. त्या काळचा नामवंत कवी अलेक्झांडर पोप बाथला आला असताना तिला भेटून गेला आणि कवितेबद्दल तिची वाखाणणी केली, हेही त्यानं आवर्जून नोंदवलं आहे. प्रकृतीपायी तिनं डॉक्टर जॉर्ज चेनी यांच्या सल्ल्यानं शाकाहार धरला आणि अशक्तपणा आला तरी सोडला नाही, हेही त्याच चरित्रातलं. (हे चेनी एके काळी ३२ स्टोन, म्हणजे दोनशे किलोंच्या घरात होते, पथ्यपाण्यावर बोलायचा त्यांना पुरेपूर अधिकार होता.)

आता कविता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे यमकबद्ध द्विपदी, पोपच्या वळणाच्या. त्यात टेकड्या आहेत, झरे आहेत, ॲबी आहे, पंपरूम आणि नाचाचं दालन आहे, राल्फ ॲलन या दगडखाणींच्या आणि टपालाच्या मक्तेदाराची स्तुती आहे. पुढच्या आवृत्त्या राजा दुसऱ्या जॉर्जच्या मुलीला, राजकन्या अमेलियाला अर्पण केल्या आहेत. राजघराण्याची स्तुती सुरू झाली की कविता मरगळते, हे कबूल करायला हरकत नाही. पण गावाचं वर्णन चांगलं नेमकं आहे. पाहुणा कुठून कुठं जातो, कुठं थांबतो, कशानं हरखतो हे तिला पाठ आहे, आणि जवळजवळ तीन दशकं दुकानात उभं राहिल्यावर ते पाठ असणारच. पाहुण्यानं परत जाताना सामानात टाकावी अशीच ही कविता आहे. बाथचा पुस्तकविक्रेता जेम्स लीक, म्हणजे कादंबरीकार रिचर्डसनचा मेहुणा, ती विकत असे. १७४४ पर्यंत सहा आवृत्त्या झाल्या.

या खपाचं मोल कळायला जवळच्याच ब्रिस्टलमधली दुसरी एक बाई आठवावी. ॲन यर्स्ली दूध विकायची. १७८५ मध्ये लेखिका हॅना मोरनं हजाराहून जास्त वर्गणीदार गोळा करून तिचा संग्रह काढला, आणि आलेला पैसा यर्स्लीच्या हातात न देता विश्वस्तांकडे ठेवला. दूधवालीला पैसा झेपणार नाही, असा मोरबाईंचा समज. यर्स्ली भडकली आणि दोघींचं जाहीर भांडण झालं. यर्स्लीवर कृतघ्नपणाचा शिक्का बसला. चँडलरवर असली पाळी आली नाही. तिचा पैसा तिच्याच कनवटीला होता. राजकन्येला तिनं पुस्तक अर्पण केलं, पण राजकन्येच्या कृपेवर तिची चूल पेटत नव्हती.

आणि तिच्या या स्वावलंबनाचा सगळ्यात चांगला पुरावा बाथच्या वर्णनात नाही. तो सहाव्या आवृत्तीत आलेल्या ‘ए ट्रू टेल’ या कवितेत आहे. मेरी चोपन्न वर्षांची असताना साठीच्या आसपासचा एक खाऊनपिऊन सुखी गृहस्थ दुकानात आला. त्यानं तिच्या कविता वाचल्या होत्या आणि तेवढ्यासाठी ऐंशी मैलांचा, म्हणजे जवळजवळ १३० किलोमीटरचा प्रवास केला होता. त्यानं हातमोज्यांचा एक जोड घेतला आणि तिला लग्नाची मागणी घातली. एकाच दुकानातून एकाच फेरीत दोन्ही वस्तू! मेरीनं हा प्रसंग जसाच्या तसा कवितेत घातला. एवढ्या लांबून येऊन म्हातारी, वाकलेली बायको कोण घेईल, याचं नवल तिनं आधी स्वतःवरच हसून करून घेतलं. मग नकार दिला. का? स्थळ वाईट नव्हतं, पण आपल्या मर्जीनं जगायची सवय तिला तोवर झाली होती.

इथं तिची भाषा एकदम मोकळी होते. पोपचं वळण मागे पडतं आणि गिऱ्हाइकाशी बोलून बोलून धार आलेली जीभ ऐकू येते. ही कविता दुकानाच्या फळीमागे उभ्या असलेल्या बाईलाच सुचू शकते, कारण तिथं रोज माणूस किंमत विचारतो आणि आपण सांगायची असते. स्वतःचा समाधिलेखही तिनं स्वतःच लिहून ठेवला. त्यात रूप नसल्याचं किंवा लग्न न झाल्याचं रडगाणं नाही, उलट थट्टाच आहे. १७४५ च्या सप्टेंबरमध्ये ती गेली.

तिच्यानंतर तीस वर्षांनी बाथजवळच्या बाथईस्टनला लेडी मिलरनं काव्यमैफली भरवल्या. इटलीहून आणलेल्या रोमन कलशात पाहुण्यांनी कविता टाकायच्या, त्या वाचल्या जायच्या, जिंकणाऱ्याला मर्टल या झुडपाच्या पानांचा मुकुट. लेखक होरेस वॉलपोलनं पत्रांतून त्याची टिंगल केली आणि त्या टिंगलीमुळेच तो कलश आजही इतिहासाच्या पुस्तकांत आहे. मेरीच्या दुकानाची टिंगल कुणी केली नाही, म्हणून ते राहून गेलं. १९८९ मध्ये अभ्यासक रॉजर लॉन्सडेलनं अठराव्या शतकातल्या कवयित्रींचं जाडजूड संकलन काढलं, तेव्हा कुठं चँडलर सामान्य वाचकाच्या हाती पुन्हा आली. वाचायची असेल तर हातमोज्यांच्या गोष्टीपासून सुरुवात करा, मग समाधिलेख. बाथचं वर्णन शेवटी, आणि त्यातली राजकन्या वगळलीत तरी चालेल.