चौथा आलेल्याचं नाव काय?

१८ सप्टेंबर २०२५ ला टोकियोत जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेची भालाफेकीची फायनल झाली. रात्रीपर्यंत फोनवर एकच बातमी फिरत होती: नीरज हरला. ८४.०३ मीटर, आठवा. जोडीला दिलासा: अर्शद नदीमही हरला. ८२.७५, दहावा. हिशेब फिट्टंफाट, चला झोपा.

याच फायनलमध्ये सचिन यादव चौथा आला. पहिलीच जागतिक स्पर्धा, पहिलीच फेक, ८६.२७ मीटर. त्याच्या तोवरच्या आयुष्यातली सर्वांत लांब फेक. ब्राँझ ८६.६७ ला गेलं. फरक ४० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतली एक फूटपट्टी आणि वर थोडंसं. नीरज, अर्शद, जर्मनीचा युलियन वेबर, तिघंही त्याच्या मागे राहिले. आणि आपण सुतकात!

सरळ बोलायचं तर आपल्याला भालाफेक आवडतच नाही. आपल्याला नीरज आवडतो आणि त्याहून जास्त भारत-पाकिस्तान आवडतं. बारा जणांची फायनल आपण दोघांची मॅच म्हणून बघितली. क्रिकेटचा चष्मा काही उतरत नाही.

जिंकला कोण? त्रिनिदादचा केशॉर्न वॉलकॉट, ८८.१६. लंडनला २०१२ मध्ये, १९ व्या वर्षी त्यानं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. मध्ये रिओचं ब्राँझ. पण जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक यायला लंडननंतर १३ वर्षं लागली. तो आपला असता तर २०१३ मध्येच आपण त्याला ‘नशिबानं जिंकलेला’ ठरवून मोकळे झालो असतो.

यावर लोक म्हणतील, स्टार नसेल तर खेळ बघणार कोण? मान्य. दार नीरजनंच उघडलं. म्हणून तर २०२३ ला बुडापेस्टच्या फायनलमध्ये पहिल्या आठांत तीन भारतीय होते आणि टोकियोत चार जण उतरले. पण जन्मभर दार उघडणाऱ्याकडेच बघत बसायचं आणि आत येणाऱ्यांना विचारायचंही नाही?

आमच्या धंद्यात अख्खी सिस्टीम एकाच सर्व्हरवर चालवणाऱ्याला शिव्या बसतात. टोकियोत नीरज पाठीचं दुखणं घेऊन उतरला होता. तो अडखळला तेव्हा दुसऱ्यानं काम चोख केलं. आपण मात्र लॉग उघडूनही पाहिला नाही.

हे नुसतं कौतुकाचं भांडण नाही. फिजिओ, परदेशातलं ट्रेनिंग, चांगले भाले, सगळ्याला पैसा लागतो. आणि प्रायोजक आपली नजर जिथे, तिथेच पैसा टाकतात. चौथ्याकडे कुणी बघत नसेल, तर ते ४० सेंटिमीटर त्यानं भरून काढायचे कशाच्या जोरावर?

तेव्हा पुढच्या फायनलला निकालाची यादी खालपर्यंत वाचा. नीरजचं नाव सापडलं की फोन बंद करू नका.