आधी रेग्युलेटर मोजा, मग लिथियम घ्या

शेतकरी बंधूंनो, आजचा विषय पिकाचा नाही, तरी शेतीचाच आहे. खताची गोणी, दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, सगळे आता मोटारसायकलवरूनच जाते. हल्ली गावोगाव एक सल्ला ऐकू येतो, "जुनी बॅटरी काढा, लिथियम टाका, पुन्हा बघायला नको." माझे मत विचाराल तर गाडीचा रेग्युलेटर तपासल्याशिवाय लिथियमला हात लावू नका.

हे मी स्वतः ठेच लागून शिकलो. माझ्या जुन्या गाडीच्या बॅटरीत दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे. बॅटरी म्हातारी झाली असे समजून मी लिथियम बसवली. दोन महिन्यांत ती फुगली. मेकॅनिकने मीटर लावला, तर चालू इंजिनवर १५.६ व्होल्ट! दोष बॅटरीचा नव्हताच, रेग्युलेटर गेलेला होता. पाणी वारंवार कमी होत होते, तेव्हाच हे ओळखायला हवे होते.

यातले गणित सोपे आहे. इंजिनाचा मॅग्नेट एसी वीज तयार करतो आणि वेग वाढला की व्होल्टेजही वाढते. रेग्युलेटर त्या विजेची डीसी करतो आणि व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास रोखून धरतो. तो बिघडला तर लेड बॅटरीतले पाणी उडते, ते आपण पुन्हा भरतो. लिथियममध्ये भरायला पाणीच नाही. गाडीसाठीच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल असतात. एका सेलला ३.६५ व्होल्टची मर्यादा, म्हणजे सगळे मिळून १४.६. त्यापुढे नुकसान सुरू.

दुकानदार म्हणेल, "आत संरक्षक सर्किट आहे." असू द्या. पण त्या सर्किटने बॅटरी तोडली की चालू गाडीत व्होल्टेज उसळते आणि बल्ब उडतात. सर्किट म्हणजे शेवटचे कुंपण, रेग्युलेटरला पर्याय नव्हे.

म्हणून एवढे कराच. इंजिन बंद असताना चांगली लेड बॅटरी १२.४ ते १२.८ व्होल्ट दाखवते. मग गाडी चालू करून रेस वाढवा. मीटर १३.८ ते १४.४ मध्ये थांबला तर ठीक. १४.६ च्या वर गेला, तर आधी रेग्युलेटर बदला. साडेतेराच्या खाली राहिला, तर कॉईल, वायरिंग आणि अर्थिंग बघा. तपासणीला पाच मिनिटे पुरतात.

फवारणी पंपाचेही तेच. तीन सेलचा लिथियम-आयन संच १२.६ व्होल्टला पूर्ण भरतो. त्याला जुन्या लेड बॅटरीचा चार्जर लावाल, तर तो चौदापर्यंत नेतो आणि आग लागू शकते. बॅटरी बदलली की चार्जरही बदला.

मी लिथियमच्या विरोधात नाही. ती हलकी आहे, पाठीवरच्या पंपाला तर वरदानच. पण किक मारून चालणाऱ्या साध्या गाडीला लेड बॅटरी पुरते, उगीच पैसे घालवू नका. जुनी बॅटरी बांधावर टाकू नका, २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, दुकानात परत द्या.

माती तपासून खत टाका, असे आम्ही सांगतो. गाडीचेही तसेच आहे, आधी तपासा, मग खर्च करा.