एका बाइटची दादागिरी

मंडळी, या विकांताला एका बाइटवर राग काढायचा आहे.

एमपी३ फाइलच्या शेपटीला १२८ बाइट चिकटवून त्यात गाण्याचं नाव, गायक, अल्बम वगैरे कोंबायची आयडी३ नावाची पद्धत १९९६ साली आली. त्यात संगीतप्रकाराला जागा किती? एक बाइट. ब्लूज ०, कंट्री २, जॅझ ८, पॉप १३, सोल ४२. मूळ यादीत असे ८० प्रकार. (आपल्या नाट्यसंगीताने कुठे जायचं? ४८ नंबरचं 'एथ्निक' नाहीतर १२ नंबरचं 'अदर'. असो.) एका गाण्याला दोन आकडे द्यायची सोयच नाही. हे मेनी-टू-मेनी नातं आहे, हे डेटाबेस शिकलेलं कुठलंही पोरगं सांगेल. पण त्या इंजिनिअरला माफ करू, बिचाऱ्याकडे जागाच नव्हती. ज्यांना जागेची काही अडचण नव्हती आणि तरी डोक्यात हाच एक बाइट घेऊन बसले, त्यांचं काय करायचं?

त्याच १९९६ च्या २ नोव्हेंबरला ईव्हा कॅसिडी गेली. वॉशिंग्टनची गायिका, त्वचेचा कॅन्सर, वय ३३. दिवसा रोपवाटिकेत काम आणि रात्री क्लबात गाणं. तिने स्वतः फार गाणी लिहिली नाहीत, हे खरं. पण अर्व्हिंग बर्लिन, कर्टिस मेफील्ड, पॉल सायमन आणि स्टिंग असे चौघे ती एकाच मैफिलीत गायची, आणि चौघंही तिचेच वाटायचे. कंपन्यांचा प्रश्न ठरलेला: बाई, तू नक्की काय गातेस? जॅझ? सोल? कंट्री? एक काहीतरी ठरव. तिने ठरवलं नाही. ब्लू नोटच्या ब्रूस लुंडव्हॉल यांना आवाज आवडला होता, पण स्वतंत्र अल्बमचा करार काही झाला नाही. पुढे त्यांनी याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. शेवटी जानेवारी १९९६ मध्ये ब्लूज अ‍ॅली या क्लबात दोन रात्री रेकॉर्डिंग करून, कुठल्याही मोठ्या कंपनीशिवाय तिने अल्बम काढला.

यापुढची गोष्ट लोक फार आवडीने सांगतात. १९९८ मध्ये 'साँगबर्ड' हे संकलन आलं, बीबीसी रेडिओवर टेरी वोगनच्या कार्यक्रमात तिची गाणी वाजू लागली, २००० च्या अखेरीस तिचा क्लबातला साधासुधा व्हिडिओ टीव्हीवर दिसला, आणि २००१ मध्ये तो अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. बघा, गुणवत्ता शेवटी जिंकतेच!

च्यायला, कुणाची गुणवत्ता जिंकली? ती मरून चार वर्षं झाली होती. एका रेडिओवाल्याच्या हाती ती सीडी पडली नसती तर? ज्यांच्या सीड्या कुणाच्याच हाती पडल्या नाहीत, त्यांची नावं सांगा पाहू. सर्व्हर कोसळल्यावर चार वर्षांनी लॉग सापडला, तर त्याला आपण अपटाइम म्हणतो का?

आणि 'बाजाराला मिश्रण नको असतं' हेही साफ खोटं. २००२ मध्ये त्याच ब्लू नोटने, त्याच लुंडव्हॉल यांच्या काळात, नोरा जोन्सचा पहिला अल्बम काढला. नोरा म्हणजे आपल्या पं. रविशंकरांची मुलगी. जॅझ, कंट्री, पॉप सगळं एकत्र. २००३ मध्ये एकट्या नोराला ५ ग्रॅमी! मग सहा वर्षांपूर्वी श्रोते काय वेगळ्या कानांचे होते? त्याच्याही आधी, १९६२ मध्ये, रे चार्ल्सने कंट्री गाणी सोलच्या गळ्याने गाऊन अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला होता. नको म्हणणारे तेव्हाही होते. पण त्याच्या करारात काय गायचं ते ठरवायचा हक्क त्याचा होता. म्हणजे भांडण सुरांचं नाहीच, सही कुणाची चालते त्याचं आहे.

मला कुणी सांगू नका की थोडं जुळवून घ्यायला हवं होतं, प्रोफेशनल वागायला हवं होतं. जुळवून घेणारे आपण आहोतच की, हापिसात 'जावावाला' अशी पाटी गळ्यात घालून फिरणारे. आपल्याला त्याचा पगार मिळतो. तिला काय मिळणार होतं?

आज स्टोरेज कवडीमोलाने मिळतं. तरी स्वतःचं गाणं स्वतः चढवायला गेलेल्या पोरीला वितरकाच्या अर्जात रकाना दिसतोच: 'मुख्य प्रकार', पुढे लाल चांदणी. मोकळा सोडला तर अर्ज पुढे सरकत नाही.