माघारी फिरण्याचे धैर्य

२६ एप्रिल १९९३ हा दिवस चिकलठाणा विसरलेले नाही. येथील धावपट्टीवरून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान लगतच्या बीड रस्त्यावरील कापसाच्या गाठींच्या ट्रकवर आदळले आणि ११८ जणांपैकी ५५ जण प्राणांस मुकले. चौकशीत वैमानिकांची चूक आढळली, तशीच उड्डाणाच्या वेळी रहदारी न रोखणाऱ्या व्यवस्थेचीही. तो धोका भर दिवसा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. मग जो धोका ढगाआड दडलेला असतो, त्याविषयी किती अधिक सावध असावयास हवे!

ती सावधगिरी आपल्या अंगी बाणलेली दिसत नाही. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर खराब हवेत नल्लमलाच्या डोंगरात कोसळले. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचा अंत झाला. हवा अकस्मात बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरले व वैमानिकास दिशाभ्रम झाला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. १५ जून २०२५ च्या पहाटे, खोऱ्यात ढग दाटलेले असताना, केदारनाथहून निघालेले हेलिकॉप्टर गौरीकुंडानजीक कोसळून ७ जण दगावले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील यात्रेकरूही होते.

केवळ नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या वैमानिकास क्षितिज दिसेनासे झाले, की विमान सरळ आहे की कलले आहे हे त्याचे शरीर सांगू शकत नाही. कानातील तोल सांभाळणारे इंद्रियच त्याला फसविते. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांची परीक्षा घेतली. त्या सर्वांचा विमानावरील ताबा सुटला, आणि तोही सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटेसुद्धा नाहीत!

हे वैमानिकांस ठाऊक नसते असे नव्हे. तरीही अनुभवी माणसे ढगात शिरतात, कारण मागे फिरणे त्यांना महाग पडते. मालकास फेऱ्यांचा हिशेब हवा असतो, यात्रेकरूस दर्शन हवे असते, पुढाऱ्यास सभेची वेळ गाठावयाची असते. अशा वेळी ‘आज जाता येणार नाही’ हे वाक्य उच्चारण्यास फार मोठे धैर्य लागते, आणि त्या धैर्याला आपण भित्रेपणा म्हणतो.

हवामानाची यंत्रे व उपकरणे सर्वत्र बसविली पाहिजेत, यात शंका नाही. परंतु प्रत्येक दरीत व सभेच्या प्रत्येक मैदानात ती पोहोचणार नाहीत. म्हणून आमची मागणी साधी आहे. दृश्यमानता नियमापेक्षा कमी असल्यास उड्डाण होता कामा नये. अंतिम निर्णय वैमानिकाचाच असावा. आणि माघारी फिरल्याबद्दल त्याच्या वेतनास वा नोकरीस धक्का लागू नये. प्रवाशांनी, विशेषतः मंत्र्यांनी, त्याला घाई करू नये. उशिराने पोहोचणारा माणूस निदान पोहोचतो, हे चिकलठाण्याच्या नागरिकांस कोणी शिकवावयास नको.