तैमूरशेजारी फोटो, गजापुरात हातोडा

आमच्या जयसिंगपुरातल्या सुखवस्तू माणसाला मशीद आवडते. अट एकच, ती विमानाने जाण्याइतकी लांब हवी. ताश्कंदची चालते, इस्तंबूलची चालते, अबुधाबीची तर फारच चालते. तिथे तो बूट काढतो, बायको डोक्यावर ओढणी घेते, दोघं घुमटाकडे तोंड करून उभी राहतात आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो आठव्या गल्लीपासून सांगलीच्या विश्रामबागपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलेला असतो. खाली लिहिलेलं असतं, ‘अप्रतिम स्थापत्य, मन शांत झालं.’ हाच माणूस घरी आला की त्याच मोबाइलवरून कुठला दर्गा कधी पाडायचा याची तारीख फिरवतो. एकाच अंगठ्याने. हा दुटप्पीपणा मी गेल्या काही वर्षांत इतक्या जवळून पाहिलाय, की आता गप्प बसवत नाही.

उझबेकिस्तानच्या सहलींचं सध्या आपल्या भागात पेव फुटलंय. युरोपपेक्षा स्वस्त, व्हिसाची कटकट कमी, ताश्कंदहून समरकंदला नेणारी वेगवान रेल्वे. मीही अशाच एका गटाबरोबर गेलो होतो. बसमध्ये जयसिंगपुरी भडंगाच्या पिशव्या फुटल्या, हनुमान चालिसा झाली, मग आम्ही हजरती इमामच्या आवारात उतरलो. ताश्कंदमधलं हे सगळ्यात मानाचं धर्मस्थळ. तिथली मोठी जुम्मा मशीद 2007 सालची, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक मंगल कार्यालयांपेक्षा नवी. तिच्या नक्षीदार खांबांचं चंदन भारतातून आणलं, असं तिथला गाइड अभिमानाने सांगतो. समोरच्या मुयी मुबारक ग्रंथालयात काचेच्या पेटीत कुराणाची एक प्राचीन प्रत होती. खलिफा उस्मान मारला गेला तेव्हा तो हीच प्रत वाचत होता, अशी श्रद्धा. अभ्यासक तिला आठव्या-नवव्या शतकातली मानतात. रशियनांनी 1869 साली ती समरकंदहून पीटर्सबर्गला नेली आणि क्रांतीनंतर बोल्शेविकांनी मुसलमानांना परत दिली. चामड्याची ती रुंद पानं, त्यांवरची ठसठशीत काळी अक्षरं बघताना आमच्या गटातली बडबडी मंडळीसुद्धा गप्प झाली. मला बरं वाटलं. माणसं थोर वस्तूपुढे नम्र होतात हे बघायला कुणाला आवडत नाही?

बाहेर आल्यावर गाइड मुलीने साधा प्रश्न विचारला. तुमच्या गावात मशिदी आहेत का? गटातले एक बागायतदार, वजनदार गृहस्थ, तत्काळ म्हणाले, ‘नाही, आमच्याकडे असलं काही नाही.’

असलं काही नाही! ज्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन मुसलमान मिस्त्री खोलतो, ज्याच्या पोरीच्या लग्नातल्या बांगड्या मुसलमान कासाराने भरल्या, ज्याच्या घरापर्यंत पहाटेची अजान रोज ऐकू येते, तो माणूस परदेशात एका पोरीच्या तोंडावर सांगतो की आमच्याकडे असलं काही नाही. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. त्याला ते खरोखरच दिसत नव्हतं, आणि हे खोटं बोलण्यापेक्षा भयंकर आहे.

दुपारी तैमूरच्या चौकात गेलो. मधोमध तैमूरलंग, घोड्यावर, हात पुढे केलेला. पाठीमागे उघड्या पुस्तकासारखं दिसणारं सोव्हिएत काळातलं हॉटेल उझबेकिस्तान. पुतळा 1993 सालचा. सगळ्या गटाने त्याच्यासमोर रांगेने फोटो काढले. एकाने तर मूठ आवळून ‘जय भवानी’ म्हटलं. कुणापुढे? डिसेंबर 1398 मध्ये ज्याने दिल्लीच्या लढाईआधी छावणीतले कैदी सरसकट कापून काढले, त्याच्यापुढे. त्याच्याच घराण्याची भाटगिरी करणाऱ्या इतिहासकारांनी त्या कैद्यांचा आकडा एक लाख लिहून ठेवलाय. आकडा फुगवलेला असेल, पण फुगवण्यात त्यांना भूषण वाटत होतं, हे ध्यानात घ्या. मग त्याने दिल्ली लुटली आणि तिथले पाथरवट, कारागीर समरकंदला हाकत नेले. समरकंदची बीबी खानिमची अवाढव्य मशीद उभी राहिली त्यात या पकडून नेलेल्या हातांचाही घाम आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळींनी तिचेही फोटो काढले. फारच सुरेख आले.

आता वंशावळ लावा. तैमूरचा वंशज बाबर. बाबर, हुमायून, अकबर, जहांगीर, शाहजहान, औरंगजेब. मोगल स्वतःला तैमूरचे वारस म्हणवण्यात धन्यता मानत. म्हणजे मूळ पुरुषाच्या घोड्याखाली हसत फोटो काढायचा आणि त्याच्या वंशजाचं चित्र कुणा पोराने स्टेटसला ठेवलं म्हणून कोल्हापूर पेटवायचं. 7 जून 2023 ला कोल्हापुरात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दुकानं फुटली, अश्रुधूर सोडावा लागला, इंटरनेट बंद झालं. मार्च 2025 मध्ये खुलताबादची औरंगजेबाची कबर उखडण्याच्या घोषणांनी नागपुरात जाळपोळ झाली. त्या कबरीवर धड छप्परसुद्धा नाही. तैमूरला मात्र अख्खा चौक, संग्रहालय आणि आमच्या गटाचा मुजरा. इतिहासाचा राग म्हणतात तो हा का? ज्या रागाला तैमूर दिसत नाही आणि शेजारचा बागवान मात्र बरोबर दिसतो, त्या रागाचा इतिहासाशी काडीचा संबंध नाही. तो गल्लीतला, दुकानाच्या गाळ्यांचा, मतांच्या याद्यांचा राग आहे. इतिहासाचं नाव त्याने फुकट बदनाम केलंय.

तो ताश्कंदचा चौकही बघण्यासारखा आहे, पण वेगळ्या कारणासाठी. तिथे आधी झारचा गव्हर्नर जनरल काउफमानचा पुतळा होता. मग स्टालिन आला, मग 1968 साली कार्ल मार्क्सचं डोकं, आणि शेवटी तैमूर. सत्ता बदलली की पुतळा बदलतो. लोकांना कुणी विचारत नाही. 2009 साली सरकारने त्या चौकातले जुने चिनार एका झटक्यात तोडले. शहर हळहळलं. तोंड उघडायची सोय नव्हती. आपल्या कोल्हापुरात माजी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. 1942 च्या आंदोलनात बायकांनी जाऊन तो विद्रूप केला, पुढे तरुणांनी फोडला, आणि त्या जागी शिवाजी महाराज उभे राहिले. ते लोकांनी केलं, जुलमी सत्तेच्या नाकावर टिच्चून, तुरुंगाची तयारी ठेवून. त्या माणसांचे वारस म्हणवणाऱ्यांनी 2024 मध्ये गजापुरात पोलिसांदेखत गरिबांची घरं फोडली. शौर्याची केवढी ही घसरण!

ताश्कंदमध्ये आपल्या माणसाने डोकं टेकावं अशी एक जागा आहे. तिथे आमची बस थांबली ती जेमतेम फोटोपुरती. लालबहादूर शास्त्रींचा पुतळा. 10 जानेवारी 1966 ला भारत-पाकिस्तानच्या करारावर सह्या झाल्या आणि त्याच मध्यरात्रीनंतर शास्त्रीजी गेले. त्यांच्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्रेचे, कराडचे, म्हणजे आमच्या जयसिंगपूरपासून गाडीने दोन-अडीच तासांवरचे. त्या रात्री कृष्णाकाठचा एक माणूस त्या गोठलेल्या शहरात आपल्या पंतप्रधानाच्या मृतदेहाशी उभा होता. सकाळी शवपेटीला खांदा द्यायला पाकिस्तानचे अयूब खान होते. चार महिन्यांपूर्वी ज्यांच्याशी युद्ध झालं तेच. आमच्या बसमध्ये यशवंतरावांचं नाव कुणी काढलं नाही. मी काढलं, तर मागून आवाज आला, ‘पुढचं शॉपिंग किती वाजता?’

‘बघा, तिथले मुसलमान कसे शिस्तीत असतात’, हे वाक्य तर परतीच्या प्रवासात इतक्यांदा ऐकलं की कान किटले. शिस्तीत असतात! इस्लाम करिमोव यांच्या राजवटीत हजारो माणसं केवळ सरकारी परवान्याबाहेर नमाज पढतात, दाढी राखतात या संशयावरून तुरुंगात खितपत पडली. भोंग्यावरची अजान बंद. इमाम सरकारच्या पसंतीचे. मे 2005 मध्ये अंदिजान शहरात जमावावर गोळीबार झाला, त्यात शेकडो मेल्याचं मानवी हक्क संघटना सांगतात. दोन वर्षांनी त्याच सरकारने ती जुम्मा मशीद अवघ्या काही महिन्यांत बांधून काढली. मशीद चकचकीत आणि माणूस मुठीत, हे त्या राजवटीचं गणित होतं. आमच्या मंडळींना नेमकं तेच भावलं. त्यांना श्रद्धाळू माणूस नकोच आहे, त्यांना रिकामा घुमट हवाय.

आणि भरलेली मशीद बघायची असेल तर पासपोर्ट लागत नाही. शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड, आमच्या घरापासून दुचाकीवर अर्ध्या-पाऊण तासावर. कृष्णा-पंचगंगेच्या कुशीतलं पटवर्धनांचं जुनं संस्थान. या गावात मशिदीत गणपती बसतो. एका नव्हे, पाच मशिदींत: कुडेखान बडेनालसाहेब, ढेपणपूर, बैरागदार, शेळके, कारखाना. वर्षानुवर्षं बसतो. 2018 ते 2020 या वर्षांत मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा पीरपंजे आणि गणराय एकाच छताखाली होते. एका बाजूला चोंगे, दुसऱ्या बाजूला मोदक. आरतीला मुसलमान पोरं टाळ धरतात आणि पंजाला हिंदू घरातून नैवेद्य येतो. तिथे उदबत्तीचा आणि ऊदाचा धूर असा मिसळतो की कुठला कुणाचा ते सांगता येत नाही. संगमरवर नाही, चंदनाचे खांब नाहीत. साधा गिलावा, 2005, 2019, 2021 अशा एकामागून एक आलेल्या महापुरांशी झुंजलेलं गाव, आणि त्यात हे असलं वैभव. उझबेकिस्तानचं सरकार कितीही डॉलर ओतून हे बांधू शकणार नाही. कारण हे बांधता येत नाही, पिढ्यान्‌पिढ्या निभवावं लागतं. आमच्या त्या गटातल्या किती जणांनी हे डोळ्यांनी पाहिलंय? मी बसमध्ये विचारलं. खिडकीतून सगळ्यांना अचानक वाळवंट दिसायला लागलं.

आता गजापूर. 14 जुलै 2024. विशाळगडावरची अतिक्रमणं हटवा म्हणून मोर्चा निघाला. गडावरचं बेकायदा बांधकाम कायद्याने हटवावं, माझी काही तक्रार नाही. पण जमाव घुसला तो पायथ्याकडच्या गजापूरच्या मुसलमानवाडीत. गडावरच्या अतिक्रमणाशी ज्यांचा संबंध नाही अशांच्या घरात. मशीद फोडली, घरं फोडली, गाड्या जाळल्या. बायका पोरांना घेऊन रानात पळाल्या. मिनारावर चढून हातोडे मारणाऱ्यांच्या चित्रफिती सगळीकडे फिरल्या. पुढे उच्च न्यायालयाने गडावर भर पावसात चाललेली सरकारी पाडापाडी थांबवली आणि सरकारला खडे बोल सुनावले. त्या चित्रफिती मला कुणी पाठवल्या? ज्यांनी ताश्कंदचा घुमट पाठवला होता त्यांनीच. खाली टाळ्यांच्या खुणा.

गजापूर हे नाव मराठी माणसाने कोणत्या सुरात उच्चारायला हवं? गजापूरची खिंड म्हणजे पावनखिंड. जुलै 1660 मध्ये बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे तिथे सिद्दीच्या सशस्त्र फौजेपुढे मरेपर्यंत उभे राहिले. त्याच पावसाळ्यात, त्याच वाटेने येऊन तुम्ही कुणाशी लढलात? पिठाच्या डब्याशी? पाळण्याशी? गॅसच्या शेगडीशी? बाजीप्रभूंचं नाव घ्यायचा अधिकार त्या दिवशी तुम्ही तिथेच चिखलात टाकलात. आणि विशाळगडावरच्या ज्या मलिक रेहानच्या दर्ग्याचा एवढा संताप, तिथे नवस बोलायला जाणाऱ्यांत निम्मी आडनावं तुमच्या-आमच्या भावकीतली असतात, हे काय तुम्हाला ठाऊक नाही?

आमचं जयसिंगपूर राजर्षी शाहूंनी वसवलं, वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने. सरळ आखलेल्या नंबरी गल्ल्या, रेल्वेलगत बाजारपेठ, जो कष्ट करील त्याला जागा. त्याच शाहूंनी 1906 साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं केलं आणि कुराण मराठीत यावं म्हणून पदरचा पैसा दिला. त्यांच्या गावात राहायचं, त्यांच्या जयंतीला फ्लेक्सवर स्वतःचा चेहरा छापायचा आणि गजापूरला टाळ्या वाजवायच्या? ज्याला शाहू पचत नाहीत त्याने निदान फ्लेक्सचा खर्च वाचवावा.

ताश्कंदला ‘आमच्याकडे असलं काही नाही’ म्हणणारे ते बागायतदार दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात. पादुकांवर डोकं ठेवतात, बासुंदी पितात, कवठाची बर्फी बांधून घेतात. दक्षिणद्वाराच्या वेळी पुराच्या पाण्यात उभे राहून अंघोळ करतात. भक्ती खरी आहे त्यांची, त्याबद्दल मला शंका नाही. म्हणून त्यांना सांगतो, या पौर्णिमेला मान वर करून बघा. दत्ताच्या त्या देवळाला शिखर नाही. का नाही? विजापूरच्या आदिलशहाच्या लेकीची दृष्टी या स्थानाच्या कृपेने परत आली, म्हणून ते देऊळ बादशहाने बांधलं, औरवाड आणि गौरवाड ही गावं इनाम दिली, असं वाडीची परंपराच सांगते. त्या छताखाली तुमचे आजे-पणजे गुरुचरित्राची पारायणं करत आले. तर तुमच्या पाडायच्या यादीत हेही घालणार का? घालणार असाल तर तारीख कळवा. हातोडा घेऊन या. घाटाच्या पायरीवर मी बसलेला असेन, कुरुंदवाडची मंडळी असतील, वाडीचे पुजारी असतील. आधी आमच्याशी बोलावं लागेल.