धावता येते, पण वळता येते का?

खेळाचा सराव म्हटला की बहुतेक शाळांत मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. त्याने दम वाढतो हे खरे. पण कोणत्या खेळात मूल इतका वेळ सरळ रेषेत धावते?

आपला खो-खोच पाहा. पाठलाग करणाऱ्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळी मोकळीक! तो बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी निघतो, थबकतो, उलटा फिरतो. म्हणजे तो वाचतो तो वेगापेक्षा वळण्यावर. २०२५ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात आपल्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही विजेतेपदे मिळवली, ती याच खेळात.

वळणे आपोआप येते असे आपण धरून चालतो. तिथेच गुडघा जातो. गुडघ्याच्या आत एसीएल नावाचा अस्थिबंध असतो. तो पुष्कळदा कोणाचा धक्का न लागताच तुटतो : एकदम थांबताना, वळताना किंवा उडीवरून उतरताना. एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींना हा धोका जास्त असतो. त्याची कारणे अनेक आहेत, पण उतरताना गुडघे आत झुकणे हे एक कारण सरावाने सुधारता येते. आणि सातवी-आठवीतल्या मुलीचा गुडघा एकदा सुजला की घरात लगेच ठरते, "बस झाला तिचा खेळ." मुलाच्या बाबतीत इतक्या लवकर ठरत नाही, हेही आम्ही पाहतो.

सरावाला मैदानच हवे असे नाही, घरातला बोळ किंवा गच्ची पुरते. फरशीवर मोजे घालून मात्र नको, आणि ओढणी कमरेला नीट बांधलेली असावी. आधी पाय एकमेकांत न अडकवता बाजूने सरकायचे, मग उलटे चालायचे. एका पायावर उभे राहून चेंडू झेलायचा. छोटी उडी मारून आवाज न करता उतरायचे. गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत. अम्मीने समोर उभे राहून फक्त गुडघ्यांकडे पाहावे. हे आठवडाभर नीट जमले की वेग वाढवावा, आधी नाही.

शेवटी धाकट्या भावाला समोर उभे करावे. तो हात करील त्या दिशेला तीन पावले पळायचे आणि थांबायचे. खेळात कुठे वळायचे हे आधी ठाऊक नसते, म्हणून हा भाग सोडू नये. आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटे पुरे.

वळताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला आणि काही तासांत सूज चढली, तर तेल लावून चोळू नका. बर्फ कपड्यात गुंडाळून ठेवा, त्या पायावर भार देऊ नका आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.