तीन भाषा, तीन लिप्या आणि मागे पडलेलं मूल : सीमाभागातील पालकांनी काय मागावं?

बेळगाव : "डोकं आहे हो त्याला, पण वाचायला बसवलं की रडतो." सीमाभागातल्या मराठी शाळांत पालकसभेला हे वाक्य नवं नाही. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "आळशी आहे, घरी लक्ष द्या." अशी काही मुलं खरंच कंटाळा करत असतील. पण काहींना अध्ययन अक्षमता असते, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरं आणि आकडे जुळत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ही अक्षमता आणि स्वमग्नता या दोन्हींचा समावेश आहे.

आपल्याकडे प्रश्न जास्त बिकट आहे. मराठी शाळेतल्या मुलाला देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या शिकाव्या लागतात. ज्याला पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांतला फरक कळायलाच दोन वर्षं लागली, त्याच्यापुढे लगेच दुसरी वर्णमाला येते. घरच्यांना मात्र तिन्ही विषयांतलं नापास तेवढं दिसतं.

कायदा काय सांगतो?

कलम 17 मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नेमकं इथंच घोडं अडतं. कर्नाटकात 2015 च्या कायद्याने कन्नड शिकणं सक्तीचं झालं. त्यामुळे मराठी पालकाने भाषेतून सूट मागितली की त्याकडे सीमावादाच्या चष्म्यातून पाहिलं जाण्याची भीती असते. मागणी मुलाची असते, वास मात्र राजकारणाचा येतो. म्हणून अर्जात भाषेबद्दल तक्रार नको, वैद्यकीय अहवाल आणि कलमाचा क्रमांक हवा. आणि सूट घेण्याआधी विचारही हवा. इथंच राहायचं असेल तर बाजारात, बसमध्ये, कचेरीत कन्नड लागणारच. कित्येकदा पूर्ण सुटीपेक्षा जादा वेळ आणि तोंडी परीक्षा जास्त उपयोगी पडते.

दहावीची वाट पाहू नका

केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मुलांची प्राथमिक चाचपणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा शिक्षकांनीच करायची होती. प्रत्यक्षात धावपळ सुरू होते ती दहावीचा अर्ज भरताना. तोवर सात वर्षं वाया गेलेली असतात आणि मुलाने स्वतःला 'ढ' ठरवलेलं असतं.

शिक्षकांनाही सरसकट दोष देता येत नाही. एक-दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग सांभाळणारे गुरुजी चाचपणी कधी करणार? सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये अशा मुलांसाठी प्राथमिक स्तरावर 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं सांगितलं. हे प्रमाण गावातल्या शाळेपर्यंत कधी पोहोचणार, हा प्रश्न आता एसडीएमसीच्या बैठकीत विचारायला हवा.

पालकांनी काय करावं?

मुख्याध्यापकांना तोंडी सांगू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जाची प्रत बीईओ कार्यालयात द्या. तपासणीच्या वेळी मूल कोणत्या माध्यमात शिकतं ते आधी सांगा. मराठी माध्यमाच्या मुलाचं वाचन कन्नड किंवा इंग्रजी उताऱ्यावर तपासलं तर निष्कर्ष चुकण्याची शक्यता मोठी. यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देशभर चालतं, पण परीक्षेतल्या सवलतीचा अर्ज मूल ज्या मंडळाची परीक्षा देणार त्याच मंडळाकडे जातो. कोल्हापूरच्या नातेवाइकांच्या मुलाला मिळालेली सवलत इथं आपोआप लागू होत नाही. शाळेने आणि खात्याने दाद दिली नाही, तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

सीमाभागात मराठी शाळा टिकवण्यासाठी आपण मोर्चे काढतो, ते योग्यच आहे. पण पट टिकवायचा तर शेवटच्या बाकावर गप्प बसलेलं मूलही त्या पटात धरावं लागेल. ते शाळा सोडून गेलं, तर त्याची भरपाई कुठल्याच मोर्चाने होणार नाही.